ऋषीचं मरण मी दोन वर्षं लांबवलं

मी आजवर एकदाच मेलो. निपाणीतल्या एका रिकाम्या तंबाखूच्या वखारीत, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, छातीत तीन बाण घेऊन. मरताना मला शिंक आली. कॅमेरावाला म्हणाला, "सर, पुन्हा मरा." मी पुन्हा मेलो. दुसऱ्या खेपेला इतका देखणा मेलो की आश्रमाच्या कुडामागं उभ्या असलेल्या दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला. हे मरण मीच लिहिलं होतं. त्याआधी दोन वर्षं ते मीच लांबवलंही होतं. लिहिल्याचा मला अभिमान आहे. लांबवल्याची लाज आहे, पण थोडीच.

मी बेळगावचा, अनगोळात राहणारा. पोटासाठी हायस्कुलात मराठी शिकवतो आणि जीव नाटकात अडकलेला. निपाणीत एका गृहस्थांचा केबलचा धंदा आहे, सारे त्यांना आप्पा म्हणतात. एका उन्हाळ्यात आप्पांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, त्या हिंदी मालिकांतले देव बगितलासा काय? सगळे एकाच तालमीतनं दंड फुगवून आल्यागत. आपली देवी आपल्या मानसांनी दावली तर काय बिघडतंय?" काहीच बिघडत नव्हतं. मी लगेच दाढी वाढवायला घेतली.

देवी कोणती, हा प्रश्नच नव्हता. सौंदत्तीच्या डोंगरावरची रेणुका, आमची यल्लम्मा. या भागातली बाई मराठी घरातली असो नाहीतर कानडी, अडली की हिलाच हाक मारते. लेखक मी, दिग्दर्शक मी, आणि देवीचा तापट नवरा, तो ऋषीही मीच. दर शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर चित्रीकरण. ते कापून, जोडून आप्पा आठवडाभर रोज संध्याकाळी केबलवर दाखवायचे, पुढं मोबाइलवरही. वखारीच्या भिंतींत पिढ्यानपिढ्यांचा तंबाखूचा खकाणा मुरलेला होता. त्यामुळे आमच्या स्वर्गात, पाताळात आणि आश्रमात सगळेजण शिंकत. एका भागात सूर्यदेव तीनदा शिंकला. लोकांनी तो काहीतरी शकुन समजून घेतला.

मालिका लांबवणं ही कलाच आहे. जी कथा माझी आई भाकऱ्या थापता थापता सांगून संपवायची, तिचे आम्ही चार वर्षं भाग काढले. देवी रोज वाळूचा घडा करून नदीचं पाणी आणते, एवढंच मूळ कथेत. आम्ही तो घडा करायला तिला सव्वा महिना लावला. ऋषी रागावून पोराला आईचं डोकं उडवायला सांगतो, तो प्रसंग दाखवला त्या आठवड्यात निपाणीच्या बाजारात एका बाईनं मला वांगी दिली नाहीत. "आईला मारायला लावतोस व्हय रं? फुडं जा!" मी आनंदानं पुढं गेलो. नटाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार?

त्या प्रसंगानंतर ऋषी फार दिवस जगत नाही. राजाची माणसं येऊन त्याला मारतात. पण मला मरवेना. निपाणीच्या स्टँडवर लोक पाया पडत होते, कंडक्टर खिडकीची जागा देत होता. मी ऋषीला आधी समाधीत बसवलं, मग हिमालयात धाडलं, मग त्याला शिष्य आणून दिले. आप्पा विचारायचे, "मास्तर, ऋषी कवा जानार?" मी म्हणायचो, "तप पूर्ण व्हायचंय." अशी दोन वर्षं गेली.

आता देवी. देवीचं काम करणारी बाई बेळगावातल्याच शहापूरची. घरात दोन माग, ती स्वतः साड्या विणणारी. वय माझ्याहून दोन-तीन वर्षांनी कमी असेल, पण तीही आमची आक्काच. मागाच्या खडखडाटात बोलायची जन्माची सवय, त्यामुळं तिला माइक लागत नसे. ती नुसती "थांब" म्हणाली तरी वखारीबाहेरची टेम्पोवाली माणसं थांबत. देवीच्या साड्या तिच्याच मागावरच्या. रंगायला बसली की ती कपाळभर कुंकू लावायची, हातात हिरव्या बांगड्या भरायची. एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. कुंकू लावताना ती आरशात बघत नसे. आणि काम संपलं की बांगड्या उतरवून, खोबरेल तेलानं आणि कापसानं कुंकू पुसूनच बस गाठायची. तेलाची बाटली मीच तिच्या हातात द्यायचो.

तिचा नवरा मालिका सुरू व्हायच्या चार वर्षं आधी वारला होता. शहापुरात सगळ्यांना ठाऊक होतं. निपाणीत कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

हळूहळू रविवारी वखारीत बायका यायला लागल्या. खण, नारळ, तांदूळ घेऊन. आधी देवीच्या तसबिरीसमोर ठेवायच्या, मग धीट होऊन आक्काचीच ओटी भरायला लागल्या. आक्का पहिल्यांदा मागं सरली. बायका ऐकेनात. मग तिनं ओटी घेतली, आणि त्यांनी कपाळ पुढं केलं तसं कुंकू लावलं. त्यांत आप्पांची बायकोही होती, वैनी. तिनं नव्या सुनेला आणून आक्काच्या हातून कुंकू लावून घेतलं. पुडीत बांधून घरीही नेलं.

वैनीनं एकदा ठरवलं, की देवीला घरी जाऊन हळदी-कुंकवाचं आमंत्रण द्यायचं. पत्ता विचारत शहापुरात गेली. आक्का घरात नव्हती, दार उघडं होतं. समोरच्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो, त्याला चंदनाचा हार. वैनी उंबऱ्यावरूनच परत फिरली.

पुढच्या शनिवारी आप्पांनी मला ऑफिसात बोलावलं. वैनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसलेली.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "देवी बदलायची."

"बदलायची म्हणजे? देवी आहे का पक्ष?"

"चेष्टा नगो. आक्काचा नवरा वारलाय म्हनं."

"आठ वर्षं होत आली."

"तुमाला ठावं हुतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत, आप्पा."

वैनीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हे मी आजही सांगतो. "माज्या सुनंनं तिच्या हातचं कुंकू लावलंय, मास्तर. लगीन हून सा म्हैनं झालं न्हाईत. काय बरंवाईट झालं तर कुनाला धरू मी?"

आप्पांनी तोडगा काढूनच ठेवला होता. सून देखणी आहे, तिला देवी करायची. देवी कुंडात आंघोळीला उतरते आणि नवा चेहरा घेऊन बाहेर येते. आत आक्का, बाहेर सून. "येवडं लिवा. आक्काला काय म्हनायची गरज न्हाय. फुडच्या आठवड्यात येऊ नगो म्हनून निरोप धाडतो."

चार वर्षं जिनं ही मालिका खांद्यावर पेलली तिला एक निरोप! माझ्या आतला ऋषी खराखुरा भडकला. मी म्हणालो, "मी लिहिणार नाही."

"मग दुसरा लिवनारा बगतो."

"बघा. पण आक्का गेली तर मीही गेलो. आणि दाढी माझी स्वतःची आहे, ती बरोबर नेईन."

आप्पांनी मला विचार करायला आठवडा दिला. ते बोलत होते आणि माझी नजर त्यांच्या डोक्यावरच्या कॅलेंडरवर गेली. मार्गशीर्षाची पुनव महिन्यावर आली होती. मी खुर्चीतच जागच्या जागी मेलो, म्हणजे मरायचं ठरवलं.

आमच्याकडं मार्गशीर्षातल्या या पुनवेला रांडाव पुनव म्हणतात. त्या दिवशी देवीचा नवरा मारला जातो आणि देवी विधवा होते. तिच्या नावानं बायका बांगड्या उतरवतात. पुढं अहेव पुनव येते, ऋषी पुन्हा उठतो, देवी पुन्हा सवाष्ण होते, हिरवा चुडा भरते. दर वर्षी. आणि रांडाव झाली म्हणून कुणी तिच्याकडं पाठ फिरवत नाही. उलट त्या पुनवेला गाड्या भरभरून लोक डोंगरावर जातात, तिचा भंडारा कपाळाला लावून येतात. आप्पा आणि वैनी दर वर्षी जातात. मी दोन वर्षं हा भाग टाळला होता, कारण त्यासाठी मला मरावं लागलं असतं. माझ्या हौसेपायी देवीची पुनवच गाळली होती मी!

सोमवारी शाळा सुटल्यावर शहापूर गाठलं. आक्का मागावर होती. मला बघून तिनं माग बंद केला. एवढी शांतता त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकली. मी सगळं सांगितलं. तिनं सुटलेला धागा गाठवला, मग विचारलं, "कुंकू त्या पोरीला बाधलं काय?"

"नाही."

"मग?"

त्या "मग"ला बगल देऊन मी घाईघाईनं माझी युक्ती सांगितली. ऋषी मरतो, देवीच्या बांगड्या उतरतात, कुंकू पुसतात, आणि वैनीची सून ते कधीच करणार नाही. मी रंगून सांगत होतो, हातवारे करत होतो. आक्का बघत राहिली.

"म्हंजे तुमास्नी मरायची हौस आलीया, आन् बांगड्या माज्या फोडताय व्हय, सर?"

माझे हात हवेतच राहिले. खरं सांगतो, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. जे तिच्यावर एकदा गुदरलं होतं, ते कॅमेऱ्यापुढं पुन्हा करायला मी सांगत होतो, आणि तेही उत्साहानं.

तिनं डावं मनगट पुढं केलं. एक बारीक पांढरी रेघ. "त्या दिशी मला कुनी इचारलं न्हाय. दोघींनी हात धरला आन् दगडावर आपटला. काच रुतली हितं." मी उठायला लागलो, तशी म्हणाली, "बसा. मी जात न्हाय कुटं. पर माजं ऐकायचं. कुनी हात लावायचा न्हाय. माज्या बांगड्या मी उतरवनार. कुंकू मी पुसनार. आन् देवी रडनार न्हाय."

"कबूल."

"आन् अहेव पुनव बी लिवा. आत्ता. माज्याफुडं."

माझ्याकडं कागद नव्हता. तिनं साडीच्या खोक्याचं झाकण दिलं. त्यावर मी अहेव पुनवेचा भाग लिहिला आणि ती मान हलवेपर्यंत खोडत राहिलो. ते झाकण तिनं स्वतःच्या ट्रंकेत ठेवलं. माझ्यावर तिचा विश्वास होता, पण माझ्यातल्या नटावर नव्हता.

शनिवारी वखारीत मी तो भाग आप्पांना वाचून दाखवला. वैनी आणि सूनही होत्या. राजाची माणसं येतात, ऋषी कोसळतो, असं वाचल्याबरोबर आप्पांचा चेहरा उजळला. "म्हंजे तुमी मरताय? खरंच?"

"खरंच."

"झ्याक! पुनवेदिशीच दावू. सारा मुलूख बगंल!"

मी पुढचं पान वाचलं. मग वही मिटून म्हणालो, "चला, सूनबाईंची तालीम घेऊ. आधी बांगड्या, मग कुंकू."

वैनी ताडकन उठली. "माज्या सुनंच्या बांगड्या उतरवायच्या? कॅमेऱ्याफुडं?"

"नाटकच आहे, वैनी."

"नाटक आसलं म्हून काय झालं? कुंकवात खेळ न्हाय करायचा!"

"पण देवी तर नवी तुम्हीच निवडलीत. देवी दर वर्षी या पुनवेला विधवा होते. तुम्ही डोंगरावर जाता तेव्हा तिच्या हातचा भंडारा घेता का नाही?"

"घेतो की," वैनी म्हणाली आणि तिथंच थांबली.

सून आतापर्यंत खाली बघत होती. सासूकडं बघून बारीक आवाजात म्हणाली, "मला हे जमायचं न्हाय. आक्काच करतील. आन् आत्या, ते कुंकू मी टाकलेलं न्हाय. देव्हाऱ्यात ठिवलंय. रोज लावतो." आमच्याकडच्या बायका "लावतो" असंच म्हणतात. त्या पोरीनं ते असं ठामपणे म्हटलं की वैनी खाली बसली.

आप्पांनी एक डाव टाकला. "मग पुनवच गाळू की."

"गाळा. डोंगरावर जाणाऱ्या बायका स्टँडवर तुम्हाला विचारतील, आमच्या देवीची पुनव कुठं गेली? त्यांना उत्तर तुम्ही द्या."

आठवडाभर आप्पांनी दुसरी बाई शोधली. बेळगाव, चिकोडी, संकेश्वर, सगळीकडं फोन लावले. सवाष्ण नट्यांनी ऐकूनच फोन ठेवले. एक बिनलग्नाची तयार झाली, तर तिच्या आईनं आप्पांना कानडीत इतकं झापलं की कॅमेरावाला, जो स्वतः कानडी, बाहेर जाऊन हसत बसला. शेवटी आप्पा माझ्यापाशी आले. "आक्कालाच घ्या. पर मास्तर, मी हे इसरनार न्हाय."

म्हणून त्या रविवारी मी मेलो. दोनदा. माझं प्रेत आश्रमाच्या अंगणात उसाच्या पाल्यावर ठेवलं आणि आक्का समोर येऊन बसली. मी डोळे मिटायचे होते, पण एक डोळा मी किलकिला ठेवला. लेखकाला तेवढा हक्क आहे.

तिनं एकेक बांगडी काढली. आपटली नाही, फोडली नाही. मागावरून तयार साडी उतरवावी तशी, सावकाश, आणि माझ्या उशाशी एकावर एक ठेवली. मग हाताच्या पालथ्या बाजूनं कुंकू पुसलं. मी शिकवलेला विलाप तिनं घेतलाच नाही. तिनं मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. मी "कट" म्हणायचं होतं, पण मी मेलेला होतो आणि दुसऱ्या कुणाला सुचलं नाही. कॅमेरा चालूच राहिला. त्या एवढ्या वेळात वखारीत कुणी शिंकलं नाही.

पुनवेच्या संध्याकाळी तो भाग लागला. दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या ऑफिसातला फोन वाजत राहिला. आक्काचं तोवर निपाणीत सगळ्यांना कळलं होतं; काही जणांनी शिव्या दिल्या, विधवेला देवी करता म्हणून. आप्पा ते फोन माझ्याकडं द्यायचे आणि मी प्रत्येकाला एकच विचारायचो, "तुम्ही डोंगरावर कुणाच्या पाया पडता?" काही घरांत मालिका बंद झाली, ती झालीच. पण पुढच्या रविवारी वखारीच्या दाराशी बायका होत्या, पांढऱ्या कपाळाच्या देवीची ओटी भरायला. त्यांत काहींची कपाळंही मोकळी होती. त्या यापूर्वी कधी पुढं आल्या नव्हत्या, कुडामागंच उभ्या राहायच्या. माझ्या मरणाला रडल्या त्या दोघी त्यांच्यातल्याच.

आप्पा विसरले नाहीत. अहेव पुनव जवळ आली तशी त्यांनी मला सांगितलं, "ऋषी उठंल. पर तुमी न्हाय. माजा मेव्हना उठंल."

"लोक ओळखतील की."

"चेहरा बदलायचा देखावा लिवायचा ऱ्हायलाय न्हवं तुमचा? लिवा आता."

आणि मी लिहिला! जो देखावा आक्कासाठी लिहायला मी नकार दिला होता, तो माझ्यासाठी लिहिला, आणि मनापासून. धुरातून ऋषी उठतो आणि म्हणतो, "मृत्यूला भेटून आलेल्याचा चेहरा पहिल्यासारखा कसा राहील?" टाळीचं वाक्य आहे, असं मला अजूनही वाटतं. आप्पांच्या मेव्हण्यानं ते घाबरून दोन तुकड्यांत म्हटलं आणि धुरामुळं त्याची चिकटवलेली दाढी एका बाजूनं सुटली. मी माझी खरी दाढी आदल्या दिवशीच काढली होती. कुडामागं उभा राहून बघत होतो, प्रेतासारखाच निवांत.

चुडा भरायला आप्पांनी बाजारातला कासार आणला होता. आक्कानं हात पुढं केला. त्यानं मनगटावरची पांढरी रेघ बघितली, बोटांनी हात जरा दाबून घेतला आणि तिथून बांगड्या जपून सरकवल्या. बायकांनी गाणं धरलं, अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत. आप्पांची सून ओटी घेऊन आली. ताटातला खण वैनीनं दिलेला होता, असं ती आक्काला म्हणाली. वैनी स्वतः दारात उभी होती, बाहेर तोंड करून. ती आत आली नाही, आणि गेलीही नाही.

काम संपलं. मी सवयीनं तेलाची बाटली आणि कापूस घेऊन गेलो. आक्का पिशवी भरत होती. बाटलीकडं बघून म्हणाली, "ठिवा ते. आज न्हाय."

बेळगावच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, कपाळभर कुंकू, दोन्ही हात हिरवेगार. मी मागच्या बाकावर. गुळगुळीत तोंडाचा मास्तर, मला कुणी जागा दिली नाही की पायाला हात लावला नाही. संकेश्वरला एक म्हातारी चढली आणि आक्काशेजारी बसली. तिनं टीव्ही बघितलेला नसावा. थोड्या वेळानं तिनं चुड्याकडं बघून चौकशी सुरू केली, गाव कुठलं, पोरं किती.

"आन् मालक काय करत्यात?"

"वारले," आक्का म्हणाली.

म्हातारीनं कुंकवाकडं बघितलं. मग बांगड्यांकडं, मग पुन्हा कुंकवाकडं. आक्कानं खिडकीतून आत मान वळवली आणि मागाच्या खडखडाटातही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मग?"